सेक्टर सहात रॉडांच्या टोप्या जुळविल्या त्याची हकीकत

विश्वकर्मा प्रभूंचे चरणी मस्तक ठेवून आणि यंत्रमात्रास वंदून, भिलाई प्रांती सेक्टर सहा येथे जुने मोटारीनिमित्त जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे.

पोलाद कारखान्याचे रोलिंग मिलीतून निवृत्त जाहलेले राजमान्य राजेश्री शामसुंदरराव यांचे पदरी एक पुराणी मोटार होती. ती कित्येक वर्षे गॅरेजात विटांवर उभी, आणि दर साली राव म्हणत की येत्या दिवाळीस स्वारी निघेल, आणि दिवाळी येई व जाई आणि विटा तैशाच राहत. मग त्यांचे कुटुंब सौभाग्यवती कमलिनीबाईसाहेब यांची इतराजी जाहली आणि फर्मान सुटले की, "कुम्हारीचा भंगारवाला रविवारी येऊन राहिला. तोवर चालली तं तुमची, नाही तं त्याची. मले गॅरेज पायजे."

हे ऐकोन रावांनी जिवलग स्नेही, मशीन शॉपचे माजी फोरमन देवीदासपंत यांस कुमकेस बोलाविले. पिस्टन आणि क्रँक यांस जोडणारे चारी कनेक्टिंग रॉड पार झिजले होते, आणि मूळ जातीचे रॉड मुलखात कोठे मिळेनात. मग दुसरे इंजिनाचे रॉड पैदा करून, ग्राइंडरने त्यांच्या कडा उतरवून, पिनेचे भोकी पितळी नळीचे नवे बुश ठोकून, स्वयंपाकघरातील काट्यावर चारी समवजन करून आरशासारखे घासले. आता रॉडाचे थोरले तोंड दोन तुकड्यांचे असते, अर्धे रॉडाचे अंगी आणि अर्धे सुट्या टोपीचे. दोन्ही आवळून मगच भोक कातले जाते, सबब एकाची टोपी दुसऱ्यास चालत नाही. पंतांची मसलत पडली की जोडीजोडीवर पंचने ठिपके ठोकावे. रावांस ते रुचेना. "इतकं घासून चमकवलं न् तू गोंदून राहिला त्यायले?" ऐसे बोलून त्यांनी खडूने आकडे घातले.

तों विश्वकर्मा पूजा आली. या दिवशी भिलाईत पान्यासही हळदकुंकू लागते. रावांनी रॉड पाटावर मांडिले, आणि टोप्या अर्धगोल, दिसण्यात वाट्यांसारख्या, म्हणोन त्या उताण्या ठेवून त्यांत नैवेद्याची बुंदी भरली. आरती जाहली, बुंदी वाटली, आणि बाईसाहेबांनी टोप्या उचलून इतर वाट्यांसमवेत साबणाने लख्ख घासून पालथ्या घातल्या. आकडे मोरीवाटे गेले.

दुसरे दिवशी रावांनी अंदाजाने टोप्या चढवून बोल्ट आवळले, आणि क्रँक जागचा हालेना. मग हँडलास लांब पाइप लावून राव खासे त्यास लोंबकळले. "उतर खाली, बेअरिंग खराब करशीन," पंत म्हणाले. तेव्हां राव उतरले, आणि संतापाने स्वयंपाकघरावर चालून गेले, आणि शिकस्त खाऊन परतले, कारण तेथील जबाब ऐसा: "वाट्या म्हणून मांडल्या तुमी, वाट्या म्हणून घासल्या मी. यात माह्यं काय चुकलं?"

शनिवार उजाडला. पंतांनी रॉड पुन्हा बाहेर काढून तोड सांगितली की टोपी आवळून आतले सांध्यावरून नख फिरवावे. जोडी खरी असेल तर नख अडकत नाही. परंतु पंतांची नखे नोकरीत झिजलेली, आणि रावांनी आपली त्याच सप्ताहात चिंतेने कुरतडलेली. त्या वाड्यात शाबूत नखे एकाच पक्षाकडे होती, आणि तो पक्ष भंगारवाल्याचा. मग राव स्वयंपाकघराचे दाराशी जाऊन उभे राहिले.

"गाडी गेली तं गेली," ते म्हणाले. "चालल्यावर कसा आवाज करते, एकडाव आयकाचं होतं."

बाईसाहेबांनी गॅस बंद केला.

मग त्या गॅरेजात दाखल जाहल्या, आणि पंत बोल्ट आवळीत, राव सोडीत, आणि हुकूम सुटत: "अडकलं, काढा." "हेही अडकून राहिलं." "थांबा, हेच उलटं करून लावा." आणि मग एकदाचे नख ऐसे गेले की सांधा कोठे आहे हेच कळेना. बाईसाहेबांनी तेच ठिकाणी पुन्हा नख फिरवून पाहिले. चारी जोड्या लागताच त्यांनी ठिपके ठोकण्याची आज्ञा केली, आणि रावांनी आपले हाते ते ठोकले, आणि सांजेपर्यंत रॉड आत बसवून इंजिन बंदिस्त केले.

रविवारी भंगारसरदार ट्रक घेऊन आले. "भाभीजी, उठा लें क्या?" त्याच समयी रावांनी किल्ली फिरविली, आणि इंजिन खोकले, आणि धूर सोडिला, आणि मग चारी रॉड एकदिलाने चालू लागले. राव सरदारांस काही सांगू जाती, तों बाईसाहेब पुढे सरसावल्या. "रुको भैया, ये बेचना नहीं है. एक भी टोपी गलत होती ना, तो हिलता नहीं." मग त्यांनी पहिल्या टोपीपासून आरंभ करून सांध्यावरून नख कैसे फिरवावे ते समजाविले, आणि सरदार दोन वेळा ट्रकाकडे निघाले आणि दोन्ही वेळा माघारी बोलाविले गेले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. गाडी कायम राहिली, गॅरेजाचा दावा मागे घेतला गेला, आणि सरदार चौथी टोपी ऐकून, चहा घेऊन, रिकाम्या ट्रकानिशी कुम्हारीस कूच करते जाहले. राव स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. आवाज त्यांनी ऐकिला की नाही हे ठाम लिहिता येत नाही, कारण बाईसाहेब त्या वेळी बोलत होत्या.