घासणारी डिस्क

आमचे शेजारी काकाजी रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाची गाडी हात दाखवून थांबवतात. माणूस बिचारा धसकून उतरतो, मागं कोणी पडलं की काय म्हणून. काकाजी त्याला रामराम न घालता एवढंच सांगतात, "तुमच्या गाडीचं काहीतरी घासून राह्यलं." मग तिथंच उकिडवे बसून चाकाला कान लावतात. एकदा लग्नाला निघालेली वऱ्हाडाची जीप त्यांनी दारव्ह्याच्या भर चौकात अडवली. नवरदेव मुंडावळ्या बांधून उन्हात उभा, आणि हे आपले मडगार्ड वाकवत बसलेले!

कुठंही काही घासत असलं की या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. आमचा पंखा, दवाखान्याचं फाटक, कोणाचंही शिलाई मशीन. एकदा मी वर्गात पाढे घेत असताना खिडकीतून तोंड आत घालून म्हणाले, "मास्तर, तुमची खुर्ची घासून राह्यली." पोरं आठवडाभर हसत होती. मी चिडून म्हटलं, काकाजी, मला शिकवू द्या. तर म्हणाले, "घासते म्हणजे घासते." हे त्यांचं पालुपद. त्यापुढे वाद संपतो.

त्यांना राग कशाचाही येतो आणि तो शेवटी कंपनीवर जाऊन पडतो. कंपनी कोणतीही चालते; पंख्याची, बिजागरीची, बियाण्याची. "कंपनी पुड्यावर फोटो छापते, मास्तर, आन् बोंडात अळी निंगते." हे शेवटचं मात्र त्या साली सगळा जिल्हाच म्हणत होता. बोंडअळीचं साल होतं ते. बाहेरून बोंड टच्च हिरवं, फोडलं की आत गुलाबी अळी. काकाजींची शेती थोडी, पण राग सगळ्या तालुक्याला पुरून उरेल एवढा.

त्याच साली डिस्कचं प्रकरण उपटलं आणि माझे रविवार नासले.

काकाजींची एकुलती मुलगी वैशाली. आई लहानपणीच गेली. वैशाली यवतमाळला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तिनं हौसेनं माउंटन बाइक घेतली होती. जाड टायर, गिअर, आणि चाकांना डिस्क ब्रेक. डिस्क म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली पातळ पोलादी चकती. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्हीकडून धरतात. ती जराशी वाकली की चाक फिरताना सर्र सर्र वाजत राहतं.

वाकली कशी, ते ऐका. काकाजींनी मारेगावकडचं एक स्थळ मुलीला न विचारताच पक्कं केलं. पाहुणे यायच्या दिवशी मुलगी सायकल काढून निघाली, आणि नेमके त्याच वेळी काकाजी शेतातून आले, हातात फोडलेलं बोंड. अळीचा राग आणि मुलीचा राग एकत्र झाला. त्यांनी तिच्या हातातून सायकल हिसकली आणि ओट्यावरून खाली फेकली. वैशालीनं ती उचलली आणि सर्र सर्र करत यवतमाळ गाठलं. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद.

पुढच्या रविवारी ती आली, अंगणात सायकल उलटी उभी केली आणि कुंपणाशी येऊन मला म्हणाली, "मास्तर, बाबाले सांगा, ज्यानं वाकवलं त्यानं सरळ करून द्यावं."

बाबा तिच्या पाठीमागंच खाटेवर बसले होते. तेही मलाच म्हणाले, "मास्तर, तिले सांगा, मी पायतो."

मी काय पोस्टमन आहे? आठवडाभर पोरांशी घसा फोडायचा आणि रविवारी या दोघांचे निरोप वाहायचे, तेही हाकेच्या अंतरावरचे!

काकाजींनी जन्मभर बैलबंडीच्या आखाला वंगण घातलेलं. घासलं की तेल, यापलीकडे त्यांना ठाऊक नाही. त्यांनी डिस्कला जवसाचं तेल चोपडलं. आवाज बंद झाला. ब्रेकही बंद झाला. वैशाली उतारावरून निघाली ती चौकात थांबलीच नाही, जिनिंगच्या कारखान्यासमोर उभ्या असलेल्या कापसाच्या बंडीत जाऊन घुसली. कापूसच तो, लागलं नाही काही. पण मी मागं धावलो होतो म्हणून गाडीवानानं शिव्या मला घातल्या. परत आल्यावर निरोप सुरू. बाबाले सांगा, ब्रेकले तेल घालत नसतात. तिले सांगा, कंपनीनं हे लिहून द्याले पायजे होतं.

त्यानंतर दर रविवारी एकच खेळ. चाक फिरवायचं, जिथं घासेल तिथं खडूची खूण करायची, पाना लावून हळूच दाबायचं, पुन्हा फिरवायचं. खडू माझे. एका जागी सरळ झाली की दुसऱ्या जागी वाजायची. काकाजी सकाळीच उठून बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा करून ठेवायचे. तिले सांगा, जेवून घे. बाबाले सांगा, तिखट लय झालं. असं म्हणून बाई दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. दुपारी ती निघायची, आणि ज्या माणसाला माझ्या खुर्चीची करकर सोसत नाही, तो फाटकात उभा राहून तिच्या चाकाची सर्र सर्र विरेपर्यंत ऐकत राहायचा.

शेवटी मीच वैतागलो. कामानं यवतमाळला गेलो होतो, तिथून नवी कोरी डिस्क आणली आणि काकाजींच्या हातात ठेवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, चांगली हाय म्हणाले. पुढच्या रविवारी बघतो तर ती सीताफळाच्या झाडाला टांगलेली. पोपट येऊ नयेत म्हणून!

माझं डोकंच फिरलं. कुंपणावरूनच मी दोघांसमोर तोंड सोडलं. म्हटलं, दुकानात हे काम चहा पिईपर्यंत होतं. तुमच्यानं जमत नसेल तर तसं सांगा, उगाच रविवारामागून रविवार त्या चाकाचा आणि माझा छळ कशाला?

काकाजी लालेलाल झाले. त्यांनी खडू घेतला नाही, कान लावला नाही. पाना डिस्कच्या एका जागी बसवला, अंगठ्यानं एकदाच दाबला आणि चाक फिरवलं. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि कणभरही आवाज झाला नाही.

हे त्यांना पहिल्या महिन्यातच जमलं असणार. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. काकाजी चाकाकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि मुलीकडे पाहून, मधे मला न घालता, म्हणाले, "झालं सरळ. आता तू नाई आली तरी चालते."

एवढ्या बारीक आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

वैशाली ओट्यावरून उठली. तिनं बापाच्या हातातला पाना घेतला, डिस्कला लावला, जरासा पिळला आणि चाक फिरवलं. सर्र. सर्र. सर्र.

"बाबा," ती म्हणाली, "अजून घासून राह्यलं."

काकाजींनी चाकाला कान लावला. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले, आणि उठले तेव्हा खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसत होते.

"घासते म्हणजे घासते," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी पायतो."

मला कोणी कुठलाच निरोप दिला नाही. मी खडू कुंपणावर ठेवले आणि घरी आलो.