काडीला टोचलेली सोयरीक

सोयरीक जमणार की मोडणार, हे मी नुसतं ताट बघून सांगतो! हसू नका. आमच्या डोंगरकडा गावात कुणालाही विचारा. पोरगी दाखवायची असो नाहीतर पोरगं बघायचं असो, लोक आधी माझ्याकडे यायचे. "संतरामभाऊ, तुमी संगं पायजेच!"

माझं शास्त्र एकदम सोपं आहे. पाहुण्यांपुढं नुसता चहा आला, की नकार समजावा. चहाबरोबर चिवडा आला, तर 'घरी विचारून कळवतो'. पण पाणी ठेवून, ताटं मांडून पोटभर जेवू घातलं, की सोयरीक पक्की! त्यात पुरणपोळी असेल तर तिथंच तारीख काढून घ्यावी. हे उलट्या बाजूनंही चालतं. पाहुण्यांनी हात राखून खाल्लं तर त्यांच्या मनात नाही, आणि मागून घेऊन खाल्लं तर होकार. सलूनच्या बाकड्यावर बसून मी हे सगळ्या गावाला शिकवलं होतं.

फक्त सख्ख्या पुतणीच्या बाबतीत हे शास्त्र जरा महागात पडत होतं. थोरल्या भावाची, पुंजाजीदादाची पोरगी वैष्णवी. कळमनुरीला कॉम्प्युटर टायपिंग शिकवायची. तिची दोन चांगली स्थळं मीच मोडली होती. एका घरी वरणात पाणी जास्त होतं, दुसऱ्या घरी भाकरी निवलेल्या वाढल्या. म्हणजे पोरीला निवलेलंच खाऊ घालणार ना! आमच्या बनाबाईवहिनीला मात्र हे पटलं नव्हतं.

"भाऊजी," तिसऱ्या स्थळाला निघताना वहिनीनं उंबऱ्यातच गाठलं, "ह्या बारीला सोयरीक मोडली ना, तर माझ्या घरात तुमच्या ताटात भाकर पडणार न्हाई!"

हे स्थळ होतं कुरुंद्याचं. घरची हळदीची शेती, पण पोरगं, सोमेश्वर, मुंबईला. हॉटेलचं शिकलेलं, काही वर्षं जहाजावर स्वयंपाक केलेलं, आणि आता वांद्र्याच्या एका नव्या हॉटेलात मुख्य आचारी. त्याचा पांढऱ्या कोटातला फोटो बघून दादा म्हणाला होता, "डाक्टर हाय का?" वैष्णवी काहीच म्हणाली नव्हती. पण तो फोटो आठवड्याभरात घरातून गायब झाला आणि तिच्या मोबाइलचं रिचार्ज भराभर संपायला लागलं. तिला पोरगं आवडलंय हे शेळ्यांनासुद्धा कळलं होतं.

सोमेश्वरची मुंबईतली खोली लहान. म्हणून निरोप आला, 'माझ्या हॉटेलातच जेवायला या. मी स्वतः करून वाढतो.' पोराचे वडील हळद शिजवण्यात अडकलेले, त्यामुळे आई, मंजुळाबाई, एकट्याच येणार होत्या.

'जेवायला या!' हा शब्द ऐकला आणि मी टाळीच वाजवली. "दादा, पक्की झाली! आता फक्त पोट रिकामं ठेवून जायचं. मुंबईचा मोठा आचारी जेवू घालणार हाय. हात राखून खाल्लं तर नकार समजतील ते!"

नांदेडला गाडीत बसलो तसा मी सगळ्यांच्या खाण्यावर पहारा बसवला. वहिनीनं दशम्या आणि कारळाची चटणी बांधून घेतली होती. त्या गठुड्याला मी हात लावू दिला नाही. परभणी गेलं, मनमाड गेलं, दादाचा चेहरा उतरत गेला.

"संत्या, एक दशमी खाऊ दे रे!"

"दादा, पोरीच्या जल्माचा सवाल हाय!"

दादानं गठुड्याकडे पाठ केली आणि खिडकीबाहेर बघत बसला.

संध्याकाळी वांद्र्याला रिक्षातून उतरलो आणि पहिला धक्का बसला. पाटीवर इंग्रजीत लांबलचक नाव आणि शेवटी चक्क 'बार'! आमच्याकडे बार म्हणजे हिरवा पडदा, आत अंधार आणि बाहेर कुणाची तरी बायको शिव्या देत उभी. वहिनी जागच्या जागी थिजली.

"भाऊजी! पोरीला दाखवायला तुमी बारात आणलं?"

तेवढ्यात दारातून मंजुळाबाई बाहेर आल्या. डोक्यावर पदर, हातात रुमाल, आणि चेहरा आमच्यापेक्षा जास्त घाबरलेला.

"या, या! आत समदी चांगल्या घरची माणसं हायेत, मी बघून आले," त्या एका दमात म्हणाल्या. "मी त्याला म्हणलं व्हतं, खोलीवरच वरणभात कर. आयकतच न्हाई!"

आत गेलो आणि दुसरा धक्का. लोक उभ्यानं खात होते! एवढं मोठं हॉटेल, झगझगीत दिवे, आणि माणसं ओट्याला टेकून, एका हातात बशी घेऊन उभी. आमच्याकडे उभ्यानं फक्त म्हशी खातात. आमच्यासाठी मात्र एका कोपऱ्यात बसायची सोय केली होती. बसायची म्हणजे कसली, खुर्च्या छातीइतक्या उंच! वहिनीला मी आणि वैष्णवीनं दोन बाजूंनी उचलून वर ठेवलं. वर गेल्यावर तिनं टेबल जे दोन्ही हातांनी धरलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

मग सोमेश्वर आला. उंच, सावळा, हसरा. त्यानं सगळ्यांच्या पाया पडून पहिली बशी ठेवली.

बशी म्हणजे बशीच! तीवर पावाचे बोटभर तुकडे, तुकड्यावर अंड्याची बटाटा घातलेली वडी, आणि वडीतून आरपार खोचलेली दात कोरायची काडी.

"स्पेनमध्ये बास्क नावाचा मुलूख आहे," सोमेश्वर उत्साहानं सांगू लागला. "जहाजावर माझा उस्ताद तिथला होता. तिकडं असंच खातात, काडीला टोचलेलं. पिंचो म्हणतात. सावकाश होऊ द्या, अजून खूप यायचंय!"

तो आत पळाला. 'अजून खूप यायचंय!' मी सगळ्यांकडे अर्थपूर्ण नजर टाकली.

"बघा," मी हळूच म्हणालो, "हा फराळ हाय. चिवड्यासारखा. जेवण मागून हाय. एकेक घ्यायचा, मान ठेवायचा, बस! ह्याच्यावर पोट भरलं तर जेवणाच्या वक्ताला काय कराल?"

सगळ्यांनी एकेक उचलला. दादानं तो काडीसकट तोंडात घातला. मग काडी बाहेर काढून इकडंतिकडं बघितलं आणि पागोट्यात खोचली. मंजुळाबाईंनी बशीला हातही लावला नाही.

"तुमी घ्या की इहीनबाई," वहिनी म्हणाली.

"घेते की. आधी पावण्यांचं होऊ द्या."

दुसरी बशी आली. तिसरी आली. एकीत अळंबी, एकीत कोलंबी, एकीत हिरवी मिरची आणि तिला चिकटलेला खारट मासा. आम्ही एकेक तुकडा उचलायचो आणि आत स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचो. ताटं कुठं आहेत? पाट नसेना का, निदान पोळ्यांचा वास तरी यावा! चौथ्या बशीत पांढरा गोळा होता, वर मध.

"शेळीच्या दुधाचं चीज," सोमेश्वर म्हणाला.

दादाचे डोळे विस्फारले. "शेळीचं? घरी एवढ्या शेळ्या बांधून आलो, आन् मुंबईत येऊन शेळीचंच?" पण पठ्ठ्यानं पटकन दुसऱ्या तुकड्याला हात घातला. मी टेबलाखालून त्याच्या मांडीला चिमटा काढला. दादाचा हात परत गेला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

बशा साचत गेल्या. टेबलावर जागा उरेना. सोमेश्वर दर खेपेला येऊन भरलेल्या बशांकडे बघायचा आणि त्याचं हसू थोडं कमी व्हायचं. मंजुळाबाई रुमाल पिळत होत्या. माझ्या मात्र पोटात कावळे ओरडायला लागले होते आणि डोक्यात संशय. अजून जेवण काहून येऊन नाही राहिलं?

"काका," वैष्णवी कुजबुजली, "मला वाटतं हेच..."

"तू गप! पोरीनं बोलायचं न्हाई!"

आणि मग तो शेवटचा धक्का आला. सोमेश्वरनं आमच्यापुढं एकेक छोटी बशी ठेवली. त्यात केकची एकेक फोड. वरून काळीकुट्ट! करपलेली!

"गोड," तो पडेल आवाजात म्हणाला. "झालं. एवढंच होतं."

मला घेरीच यायची बाकी राहिली. जेवण नाहीच! जेवणाआधीच तोंड गोड करून वाटेला लावणं म्हणजे सरळ सरळ नकार! आणि तो नकारही करपलेला! डोंगरकड्याहून उपाशी येऊन, पोरीला घेऊन येऊन, हे ताटात वाढलं आम्हाला? माझ्या डोळ्यांपुढं वहिनीची ती न पडणारी भाकर नाचली. पण अपमान तो अपमानच.

मी खुर्चीवरून उडी मारली. जरा जास्तच उंच होती, गुडघा सटकला. तरी सावरून म्हणालो, "पसंत नसली पोरगी, तर फोनवर सांगायचं व्हतं! करपलेलं कशाला खाऊ घालता? चला दादा!"

"आमाला पसंत न्हाई?" मंजुळाबाईंचा आवाज चिरकला. "तुमीच तर घास गिळून न्हाई राहिले! माझ्या लेकरानं दोन दिसापासून राबून केलं, आन् तुमी नखाएवढं उचलून नाक मुरडून राहिलात! नकार द्यायचा व्हता तर आलात काहून?"

अख्खा बार उभ्यानं खायचा थांबून आमच्याकडे बघत होता. सोमेश्वरचा चेहरा पार उतरला. वहिनीला खाली उतरवायला कुणी नाही, म्हणून ती वरूनच रडायला लागली. दादानं तिला खाली घेतलं आणि आम्ही तरातरा बाहेर पडलो.

बाहेर हॉटेलच्या पायरीवरच वहिनी मटकन खाली बसली.

"तिसरी सोयरीक मोडलीत भाऊजी! माझ्या लेकरानं काय घोडं मारलं तुमचं?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या शास्त्राची पहिल्यांदा भीती वाटली. दादानं मात्र माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं शांतपणे गठुडं सोडलं, दशमी काढली, तीवर चटणी ठेवली आणि दोन घासांत संपवली. मग मीही घेतली. रडत रडत वहिनीनंही घेतली.

दार उघडलं. मंजुळाबाई! भांडायचं काहीतरी राहिलं असावं, बोट उगारूनच आल्या. पण त्यांची नजर गठुड्यावर पडली आणि बोट हळूहळू खाली आलं.

"कारळाची हाय का?"

"व्हय," वहिनी नाक पुसत म्हणाली. "घ्या."

मंजुळाबाई पायरीवर बसल्या आणि घाईघाईनं खायला लागल्या. "सकाळधरनं पोटात काई न्हाई," त्या घास गिळत म्हणाल्या. "पावणे जेवल्याबिगर मी कशी जेवू?"

"आमीबी जेवणाचीच वाट बघून राहिलो व्हतो," दादा म्हणाला.

मंजुळाबाईंचा घास हातातच राहिला. "कोनत्या जेवणाची?"

"फराळानंतरच्या."

"अवं पावणे, तेच जेवण व्हतं!"

दादानं माझ्याकडे बघितलं. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी दशमीकडे बघितलं.

"आन् ते करपलेलं?" मी चाचरत विचारलं.

"तिकडं ते तसंच करपवतात म्हनं. मलाबी पटलं न्हाई, पण तसंच असतंय!"

तेवढ्यात वहिनी किंचाळली, "वैष्णवी कुठं हाय?"

ती बाहेर आलीच नव्हती! आम्ही सगळे दशम्या हातात घेऊन आत धावलो.

वैष्णवी त्याच उंच खुर्चीवर बसली होती. पुढं सगळ्या बशा रिकाम्या, बाजूला काड्यांचा ढीग. समोर सोमेश्वर ओट्यावर कोपरं टेकवून तिच्याकडे असा बघत होता, जणू जहाजाला बंदर लागलं. ती शेवटच्या करपलेल्या फोडीचा शेवटचा घास चाटून खात होती.

"वैष्णवे! हे समदं तू खाल्लंस?" मी ओरडलो.

तिनं शांतपणे तोंड पुसलं. "काका, तुमीच म्हणता ना, मागून घेऊन खाल्लं की होकार? मी समद्या बशा मागून घेतल्या."

दादा एवढ्या मोठ्यानं हसला की पागोट्यातली काडी खाली पडली. मंजुळाबाईंनी पुढं होऊन वैष्णवीच्या तोंडात उरलेली दशमी भरवली. सोयरीक तिथंच, बारमध्ये, पक्की झाली, आणि माझा सल्ला कुणी विचारला नाही.

महिन्याभरानं साखरपुडा डोंगरकड्याला झाला. जावईबापूंनी हट्टच धरला, 'माझ्या हातचं सगळ्या गावाला खाऊ घालतो!' आमच्या अंगणात भाकरीचे तुकडे, त्यावर वांग्याचं भरीत, त्यात काडी. पंगत बसली. सगळ्या गावानं एकेक तुकडा उचलला, मान ठेवला, आणि हात पुसून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसलं.

पुढं काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. मी भोंगा हातात घेऊन ओरडत होतो, "मंडळी, हेच जेवण हाय! खाऊन घ्या हो, हेच जेवण हाय!"

एक माणूस हलला नाही. उलट सलूनवाला भिवाजी शेजाऱ्याला समजावत होता, "भाऊ गंमत करून राहिले. पोट रिकामं ठेवा, खरं जेवण मागून हाय. त्यांनीच तर शिकवलंय!"