तुलनेचं पाणी

बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागे आमची वसाहत आहे आणि तिच्यातलं शेवटचं घर काकूंचं. त्यांच्या बोअरच्या पाण्याला थिनरचा वास येतो, अशी तक्रार कार्यालयास प्राप्त झाली आणि कार्यालयाने तिची गंभीर दखल घेतली. गंभीर दखल म्हणजे एक जीप, एक साहेब, एक ड्रायव्हर आणि बर्फाची पेटी.

काकूंची सून दवाखान्यातून बाळाला घेऊन घरी यायची होती. काकू म्हणाल्या, "पाण्यात काय काय आहे ते सावकाश सांगा. बाळाला यानं आंघोळ घालू की नको, तेवढं आत्ता बोला."

"नमुना घेण्याआधी मत देणं नियमबाह्य आहे," साहेब म्हणाले.

माणूस वाईट नव्हता, नियमाने चालणारा होता. त्यांनी हातमोजे घातले, भिंतीलगतची माती खणून बरणीत भरली आणि मोजे बदलले. साचलेलं पाणी जाऊन ताजं येईपर्यंत बोअर उपसायला लावला. वासाने ड्रायव्हरला गरगरायला लागलं, तरी बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर सही आणि बाटली बर्फात, हे सगळं यथासांग पार पडलं.

राहिली तुलनेची बाटली. नमुन्यासोबत एक बाटली शुद्ध पाण्याची न्यायची असते. वाटेत, हवेतून किंवा साहेबांच्या हातून काही घाण मिसळलीच, तर ती याही बाटलीत उतरते आणि मग नमुन्यातून वजा करता येते. त्यासाठी दिलेलं डिस्टिल्ड वॉटर ड्रायव्हरने सकाळीच जीपच्या बॅटरीत ओतलं होतं. नाहीतर जीप निघालीच नसती, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. त्याने काकूंच्या ओट्यावरच्या नळाखाली बाटली धरली आणि गळ्यापर्यंत भरून घेतली.

अहवाल आला. नमुन्यात जे जे होतं, ते ते तुलनेच्या पाण्यातही होतं आणि तेवढंच होतं. वजाबाकी शून्य, सबब पाणी शुद्ध. त्याच हिशेबात मातीही शुद्ध झाली. घरांचे भाव पडता पडता वाचले म्हणून आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

काकू मात्र तडक कार्यालयात धडकल्या. "अहो, तुमच्या ड्रायव्हरनं बाटली माझ्या बोअरच्याच नळाखाली भरली! माझंच पाणी माझ्या पाण्यातून वजा केलंत की!"

साहेब खजील झाले. त्यांनी फेरतपासणी मंजूर केली. "पण आता तुलनेचं पाणी शंभर टक्के शुद्ध हवं."

"मग डिस्टिल्ड आणा."

"ते वाहन विभागाकडून येतं. यंदाचं संपलं."

"मग दुसरं कुठलंही चांगलं पाणी घ्या."

"चांगलं आहे हे तपासल्याशिवाय कसं कळणार? आणि तपासायचं तर तुलनेला पाणी नको का?"

प्रकरण वर गेलं. वरून तोडगा आला: ज्या पाण्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही, ते शुद्ध समजावे.

तेव्हापासून जीप तक्रार नसलेली घरं शोधत फिरते आहे. सून बाळाला घेऊन दवाखान्यातून माहेरी गेली, ती तिथेच थांबली. काकू नातीचं तोंड फोनवर बघतात आणि पदराने फोनची काच पुसत राहतात. मला फार वाईट वाटतं त्यांचं.

काल जीप आमच्या दारात आली. आमचं घर काकूंच्या घराला लागूनच आहे. वास आमच्याकडेही येतो, पण आम्ही तक्रार केलेली नाही, त्यामुळे मी अभिमानाने बाटली भरून दिली.

उद्या ते तुमच्याकडे येतील. बिनधास्त द्या भरून. तुमचं पाणी शुद्धच असणार. कोणी तपासलंय का कधी?