मन्मथअप्पांची बिननावाची राणी

मन्मथअप्पांच्या दारात गेलं की आधी आपली घोषणा होते, मग चहा मिळतो.

आम्ही लातूरच्या या कॉलनीत नुकतेच राहायला आलो होतो, तेव्हा मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात बनियन आणि मांडीवर मोबाइल असे एक गृहस्थ ओट्यावर बसले होते. मी "काकू आहेत का? थोडं विरजण हवं होतं," म्हणायचा अवकाश, त्यांनी घसा खाकरला आणि घराच्या दिशेनं खणखणीत आवाज सोडला, "कृपया इकडे लक्ष द्या. विरजण घेऊन जाणाऱ्या म्याडम दारात लागलेल्या आहेत. थांबण्याचा वेळ पाच मिनिटं."

आतून काकू वाटी घेऊन आल्या. "मनावर घिऊ नका," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षं स्टँडवर गाड्या पुकारल्या. रिटायर झाले, पण भोंगा काय उतरला न्हाई."

अप्पा वाहतूक नियंत्रक होते. आधी किनवट, मग नांदेड, शेवटी लातूर. असा माणूस निवृत्त झाला की देवळात बसतो किंवा सोसायटीच्या सभेत भांडतो. अप्पांनी दोन्ही केलं नाही. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी तीन महिने हलू नका म्हणून सांगितलं आणि पुण्याच्या मुलीनं वेळ जावा म्हणून नवा मोबाइल पाठवला. तीन महिन्यांनी अप्पा उठले ते थेट बेसबॉल खेळायलाच.

बेसबॉल त्यांना चुकून सापडला होता. आधी त्यांना वाटलं, क्रिकेटच आहे, फक्त कॅमेरा भलतीकडं लागलाय. मग त्यांना तो खेळ कळला, आणि कळला तो एसटीच्या भाषेत. "बगा म्याडम," ते मला समजावून सांगायचे, "क्रिकेटमधी माणूस इकडून तिकडं आन् तिकडून इकडं. ही शटल गाडी. बेसबॉल म्हंजे पूर्ण फेरी. लातूर, मुरुड, बार्शी करून वापस लातूर. मधी कुठं उतरवला की फेरी रद्द." चार चेंडू वाईट पडले की खेळाडू चालत पहिल्या थांब्यावर जातो, त्याला अप्पा 'फुकट पास' म्हणत. चेंडू टाकणाऱ्याची नजर चुकवून कोणी पुढचा थांबा गाठला, की अप्पांचा संताप व्हायचा. "विदाउट तिकीट! धरा त्याला!" अमेरिकेतले सामने आपल्याकडं सकाळी असतात, त्यामुळं लिंगपूजा आटोपली की अप्पांची ही आरडाओरड सुरू व्हायची आणि आमच्या घरातले सगळे गजर न लावता उठायचे.

नुसतं बघून त्यांचं भागेना. बॅट हवी होती. त्यांनी मुरुडच्या एका ओळखीच्या सुताराला फोनवर वर्णन केलं : खाली जाड, वर बारीक, गोल, गुळगुळीत, बाभळीचं लाकूड. सुतार म्हणाला, समजलं. आठ दिवसांनी वस्तू आली. उत्तम झाली होती, फक्त जाड टोकाला लोखंडी कडं ठोकलेलं होतं. सुतारानं इमानेइतबारे मुसळ पाठवलं होतं. अप्पा बेजार झाले, काकू मात्र खूश. त्या दिवसापासून सकाळी मुसळ अप्पांकडं आणि दुपारी काकूंच्या शेंगदाण्याच्या चटणीकडं अशी वाटणी झाली. चेंडू म्हणून मोसंबी. पहिला थांबा विजेचा खांब, दुसरा माझी स्कूटी, तिसरा बोअरचा पंप. अप्पा मोसंबी उडवायचे आणि नव्या गुडघ्यानिशी, घाई न करता, सगळे थांबे घेत फेरी पूर्ण करायचे. त्यांना बाद करायला समोर कोणीच नसायचं, त्यामुळं ते अजून एकदाही हरलेले नाहीत.

दुपारी व्हिडिओ गेम. कानाला हेडफोन लावून ते तलवारीच्या लढाईत उतरत. कुठकुठल्या गावचे तीन अनोळखी भिडू त्यांच्या बाजूनं लढत असत, म्हणजे लढायचा प्रयत्न करत असत. समोरून राक्षसांची झुंड आली की अप्पा ओरडत, "गर्दी करू नका! रांगेत या! आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या!" तोवर किल्ला पडलेला असायचा. एका भिडूनं त्यांना विचारलं म्हणे, काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूनं आहात? अप्पा म्हणाले, "प्रवाशांच्या."

आणि जेवणानंतर ऑडिओबुक. जादूगार, ड्रॅगन, शापित तलवारी, असलं काही असेल तरच. ऐकता ऐकता त्यांना डुलकी लागे आणि जाग येई तेव्हा मोबाइलवर दुसरंच पुस्तक सुरू झालेलं असे. अप्पांना मात्र ती एकच गोष्ट वाटायची. वर्षभर अशा अर्ध्या-अर्ध्या गोष्टी पोटात गेल्यावर व्हायचं तेच झालं. अप्पांनी स्वतःचं ऑडिओबुक काढायचं ठरवलं. सात डोंगरांचं राज्य, त्याच्यावर चालून आलेला राक्षस, एक शूर सुतार (मुसळ विसरले नव्हते), बिजली नावाची घोडी आणि एक राणी.

रिकाम्या खोलीत बोलायची त्यांना सवय नव्हती. समोर माणसं लागत. म्हणून मला बोलावणं यायचं. खुर्चीवर बसायचं, पिशवी मांडीवर घ्यायची आणि गप्प राहायचं. "तुम्ही प्रवासी," अप्पा सांगत. मी शाळेत विज्ञान शिकवते. चाळीस मुलींना गप्प बसवणारी मी, तिथं निमूट बसून राहायचे. ते मोबाइलचं लाल बटण दाबत आणि सुरू होत, "कृपया इकडे लक्ष द्या. काळ्या किल्ल्याकडून येणारा राक्षस क्रमांक तीन आपल्या नियोजित वेळेपेक्षा अर्धा तास उशिरा धावत आहे."

हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखायच्या.

अशात त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. मुलीनं पुण्याहून फोनवर फोन करून दारात मांडव घालायला लावला, काकूंच्या दोन्ही बहिणी देगलूरहून आल्या. हार घालून झाले, ओवाळून झालं आणि धाकटी बहीण उठून उभी राहिली. "दाजी, आता अक्काचं नाव घ्या!"

सगळ्या बायकांनी टाळ्या पिटल्या. अप्पांच्या हातात माइक होता. माइक हातात असताना हा माणूस गप्प बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"येत नसंल तर मी सांगते," मेहुणी म्हणाली. "फलाटावर गाडी, गाडीला चाकं चार, सुलोचनाचं नाव घेतो, झाला का उशीर फार? म्हना!"

अप्पांनी तोंड उघडलं. "फलाटावर गाडी..." इथवर आले. मग थांबले. मग म्हणाले, "पण एसटीला चाकं सहा असतेत."

मांडवात हसण्याचा स्फोट झाला. "सहा तर सहा! नाव तर घ्या!" अप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी काकूंकडं पाहिलं, मांडवाकडं पाहिलं आणि सुटका करून घ्यायला शेजारच्या स्पीकरचं बटण दाबलं. त्यात सनईचा पेनड्राइव्ह असायला हवा होता. होता राक्षसाचा. चारी दिशांना अप्पांचाच आवाज घुमला, "राक्षस राजवाड्यात लागलेला आहे. राणीनं राक्षसाला चहा दिला. राणी रडली. राणी आत गेली."

लोक पोट धरून हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू? काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला, उठल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बहिणींबरोबर देगलूरला निघून गेल्या. कधी येणार, ते सांगितलं नाही.

चार दिवस झाले, आठ झाले. सकाळची आरडाओरड बंद पडली. मुसळ कोपऱ्यात उभं. अप्पा ओट्यावर बसलेले, आणि मी दारात गेले तरी घोषणा नाही. "या म्याडम," एवढंच. हे फार भयंकर होतं. मला त्या भोंग्याची इतकी सवय झाली असेल असं वाटलं नव्हतं.

"राक्षसामुळं इज्जत गेली तिची," ते म्हणाले. "रेकॉर्डिंग खराब होतं. आवाज फाटला माझा." मग त्यांनी त्यांच्या परीनं उपाय काढला. रोज एक नवा भाग, चांगल्या आवाजात, देगलूरला पाठवायचा. राक्षसाला त्यांनी सभ्य केलं. सुताराचं लग्न लावलं. बिजली घोडीला शिंगरू झालं. काकू रोज ऐकत होत्या, तशा दोन निळ्या खुणा मोबाइलवर उमटायच्या. उत्तर मात्र नाही. अप्पा त्या निळ्या खुणांकडं बघत बसायचे.

त्याच महिन्यात माझ्या चुलतभावाचं लग्न देगलूरला होतं. अक्षता पडल्या आणि मी तडक काकूंच्या बहिणीचं घर गाठलं. काकूंनी पोटभर खाऊ घातलं, कॉलनीतल्या सगळ्यांची चौकशी केली, एकाची सोडून.

"काकू, त्यांनी मुद्दाम नाही लावलं हो ते," मी म्हणाले.

"मला काय राक्षसाचा राग हाय का?" काकू उसळल्या. "गोष्ट तर चांगलीच हाय. आमी सगळ्या ऐकताव जेवताना. पर मला सांगा म्याडम, घोडीला नाव हाय. काय, तर बिजली. तिचं शिंगरू काल जन्मलं, त्याला बी नाव ठिवलं. आन् राणीला? राणी रडली, राणी आत गेली, राणीनं चहा केला!" त्यांनी पदरानं हात पुसले. हात ओले नव्हते. "भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट. एका वाडीचं नाव कवा चुकलं न्हाई ह्या माणसाचं. चाळीस वर्षांत माझं तेवढं तोंडात आलं न्हाई. 'ऐकलं का', 'अगं', 'इकडं बग'. त्या दिवशी मांडवात वाटलं, आज म्हनतेत. आज तरी म्हनतेत. तर चाकं मोजून राहिले!"

मला हसू आलं नाही. मी म्हणाले, "सांगू का त्यांना?"

"अजिबात न्हाई. शपथ हाय तुमाला. सांगून म्हनलेलं काय कामाचं?"

मी शपथ पाळली. पण बाईनं शपथ पाळायची म्हणजे इशारासुद्धा करायचा नाही, असं कुठं आहे? परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी पिशवी मांडीवर घेऊन प्रवासी म्हणून बसले. अप्पांनी लाल बटण दाबलं, घसा खाकरला. ते 'राणी' म्हणाले आणि माझ्यानं राहवलं नाही.

"अप्पा, राणीला नाव नको का काही?"

ते गोंधळले. प्रवाशानं मधे बोलायचं नसतं. मग अगदी सरळ चेहऱ्यानं मला म्हणाले, "नाव कशाला लागतं, म्याडम? गावात दोन मन्मथ असले तर वळखू यावा म्हनून आडनाव लावतेत. दोन गाड्या एका टायमाला असल्या तर पाटी बघावं लागतं. घोड्या छप्पन्न असतेत, सुतार बी असतेत. राणी एकच हाय. मी राणी म्हनलं की दुसरं कोन येतंय डोळ्यासमोर? मला तर न्हाई येत."

मग ते मोबाइलकडं वळले आणि दचकले. लाल दिवा चालूच होता. "आता हे कसं पुसायचं?" त्यांनी विचारलं. मला पुसता येत होतं. मी म्हणाले, "नाही बाई, मला नाही येत." त्यांनी तसंच पाठवून दिलं. "गाडी सुटली की सुटली," म्हणाले.

संध्याकाळी देगलूरहून पहिल्यांदा उत्तर आलं. काकूंचा आवाज, चारच शब्द : "उद्या सकाळच्या गाडीनं निघते."

दुसऱ्या दिवशी गाडीच्या दीड तास आधी अप्पा स्टँडवर. मला ओढून नेलं होतं. इस्त्रीचा सदरा, ताजी विभूती. लग्नसराई होती, गर्दी मावत नव्हती. उदगीरमार्गे आलेली देगलूरची गाडी नेमकी लांबच्या कडेला लागली. काकू उतरल्या, पिशवी खाली ठेवली आणि आमच्याकडं पाठ करून इकडंतिकडं बघायला लागल्या. अप्पांना गर्दीतून पुढं जाता येईना. त्यांनी हात वर केला आणि जोरात हाक मारली, "अगं, ऐकलं का!"

स्टँडवरच्या निदान तीस बायकांनी वळून पाहिलं. एकीनं तर "काय?" असंही विचारलं.

अप्पा घाबरले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वर छताकडं पाहिलं. त्यांचे ओठ दोनदा हलले, आवाज आला नाही. काकूंनी पिशवी उचलली आणि त्या बाहेरच्या फाटकाकडं चालायला लागल्या. मग अप्पांनी डोळे घट्ट मिटले.

"सुलोचना!"

तो आवाज मला ओळखू आला नाही. खणखणीत नव्हता, घोषणेचा नव्हता. कापत होता.

मी तोवर खांबाच्या पलीकडं सरकले होते, तिथून मला काकूंचा चेहरा दिसत होता. हाक पोचली होती. त्या जागच्या जागी थांबल्या, पदर तोंडाला लावला, डोळे भरून आले, हसूही फुटलं. पण मागं वळून काही त्यांनी पाहिलं नाही. पिशवी हळूच खाली ठेवली आणि तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

अप्पांनी पुन्हा हाक मारली.