शेंदरी आणि दरबारचा दूधभात

एका जंगलाच्या टोकाला, बाळांनो, खारट पाण्याचं एक तळं होतं. तिथे शेंदरी नावाची फ्लेमिंगो राहायची. तिची पिसं इतकी गुलाबी, की मावळतीचं आभाळही तिच्यापुढे फिकं पडे.

जेवण मात्र साधं. पायांनी चिखल ढवळायचा, मान खाली घालायची, चोच उलटी करून पाण्यात बुडवायची. चिखलपाणी गाळून बाहेर टाकायचं. आत उरेल ते शेवाळ आणि बारीक कोळंबी गिळायची. त्या खाण्यातला रंगच पिसांत उतरायचा.

एकदा सिंहमहाराज तळ्यावर आले आणि पाहतच राहिले.

"हिला दरबाराची शोभा म्हणून नेमा!"

शेंदरी हरखली. मैत्रिणींचा निरोप घेऊन दरबारात गेली. कोल्हेप्रधानांनी दारातच बजावलं, "बाई, इथे मान वर ठेवून जेवायचं. चिखलाचं नावही काढायचं नाही."

तिला रोज दूधभात मिळू लागला. वाकड्या चोचीतून अर्धा सांडायचा. पण एवढा मोठा मान मिळालेला, तक्रार कशी करायची?

पुढे जुनी पिसं गळाली. नवी आली ती पांढरी.

"ही कोण बगळी?" महाराज गरजले.

"मी शेंदरी, महाराज. माझा रंग चिखलातल्या खाण्याचा होता. थोडे दिवस तळ्यावर जाऊ द्या, रंग परत येईल."

दरबार खो खो हसला. "चिखल खाऊन म्हणे गुलाबी होतात!"

तेवढ्यात बकोपंत नावाचा बगळा पुढे झाला. तो सकाळीच पळसाच्या भिजवलेल्या फुलांत लोळून, अंगभर रंगून आला होता.

"महाराज, रंग कुळातून येतो. आमच्या घराण्यात चिखलाला कुणी चोच लावलेली नाही."

त्याच्या चोचीला तेव्हाही चिखल होता. पण सगळे पिसांकडे पाहत होते.

बकोपंत दरबाराची शोभा झाला. त्याने पहिलाच सल्ला दिला, तळं साफ करा. गाळ उपसला, शेवाळ खरवडलं. शेंदरी हाकलली जाऊन परतली, तेव्हा तळ्याचा तळ लख्ख दिसत होता. खायला काहीच नव्हतं.

मैत्रिणी निघायच्या तयारीत होत्या. "बरी आलीस," एक म्हणाली. "डोंगरापलीकडे एक घाणेरडं तळं आहे म्हणे."

कितीतरी दिवसांनी शेंदरी हसली. थवा उडाला.

स्वच्छ तळ्याकाठी आता बकोपंताचे भाऊबंद रंगून ओळीने उभे असतात. शाळांच्या सहली येतात. बाई मुलांना सांगतात, "बघा, हे फ्लेमिंगो."

तात्पर्य: मान खाली घालून खाल्लं, तर रंग येतो. मान मिळवायचा असेल, तर रंग फासावा. पावसाळ्यात मात्र रजा टाकावी.