न्हाणीघरातला जपान

माझी स्मरणशक्ती म्हणजे डिंक. एकदा चिकटलं की चिकटलं! अशी फुशारकी मी कचेरीत मारली आणि तिथंच माझं घोडं पेंड खायला लागलं.

आमच्याकडे नकाशांच्या पुस्तकांचं भाषांतर चालतं. मुख्य भाषांतरकाराची जागा रिकामी झाली होती. साहेब तोंडी परीक्षा घेणार होते : कुठल्या देशात प्रांताला काय म्हणतात? बारा वर्षं मी त्या खुर्चीवर डोळा ठेवून होतो.

मी शक्कल लढवली. घरातली एकेक खोली म्हणजे एकेक देश, आणि दारावर त्याच्या प्रांताच्या नावाची चिठ्ठी. स्वयंपाकघर स्वित्झर्लंड, चिठ्ठी ‘कॅन्टन’. बैठकीची खोली रशिया, ‘ओब्लास्ट’. बाबांची खोली स्वीडन, ‘लेन’. अडगळीची खोली पोलंड, ‘व्हॉइव्होडशिप’. न्हाणीघर जपान, ‘प्रीफेक्चर’. मग पुस्तक मिटून कपाटात टाकलं. रोज सकाळी दात घासत घरभर फिरायचं आणि चिठ्ठ्या वाचायच्या. डोकं चालवायचं नाही, हीच तर पद्धत.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी मला बोलावलं.

“घरात मोठा कोण?”

“तुम्ही.”

“मग मला दोन अक्षरं, आणि मोडक्या खुर्च्यांना एवढं लांबलचक?”

“बाबा, ती स्वीडनची पद्धत आहे.”

“स्वीडनच्या बापाला विचारलं होतंस का?”

तेवढ्यात आतून बायको आली. “ओब्लास्ट म्हणजे काय हो?”

“भला मोठा मुलूख असतो.”

“आणि कॅन्टन?”

“त्या मानाने चिमुकला.”

“अस्सं. म्हणजे मी दिवसभर राबते ती जागा चिमुकली, आणि तुम्ही लोळता तो मुलूख.”

मी हसून सोडून दिलं. बायकोने सोडलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

परीक्षेला मी नवा सदरा घालून गेलो. साहेबांनी विचारलं, “स्वित्झर्लंड?”

मी डोळे मिटले. मनातल्या मनात स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. “ओब्लास्ट.”

साहेबांनी चष्मा काढला. “रशिया?”

“कॅन्टन,” मी ठणकावून सांगितलं.

“स्वीडन?”

“व्हॉइव्होडशिप!”

“आणि पोलंडात काय, लेन?”

“अगदी बरोबर, साहेब,” मी त्यांनाच शाबासकी दिली.

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. “जपान?”

“प्रीफेक्चर.”

“हे कसं काय बरोबर आलं?” साहेबांना खरोखरच धक्का बसला होता.

जागा मुद्रितं तपासणाऱ्या बाईंना मिळाली. मला खूप वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तणतणत घरी आलो आणि सगळ्यांना चिठ्ठ्यांखाली उभं केलं.

“कुणी हलवल्या?”

“माझी मीच हलवली,” बाबा म्हणाले. “पहिल्याच आठवड्यात. तू रोज तिच्याखाली उभा राहून वाचत होतास. मला वाटलं, तुला पटलं.”

बायको ओढणीशी चाळा करत म्हणाली, “मलाही तसंच वाटलं.”

“मग न्हाणीघराची तेवढी का सोडली?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बाबा म्हणाले, “त्याच्यावर कोण हक्क सांगणार?”

पुढल्या वर्षी पुन्हा जागा निघणार आहे. या खेपेला सगळं जग मी न्हाणीघरातच चिकटवलंय. फक्त आत फार वेळ बसलो की बाबा दार वाजवतात आणि विचारतात, “जपान रिकामा कधी होणार?”