एका बोटाचं स्टेअरिंग

लोखंडी डबा गंजला, म्हणून जालिंदरनानांनी त्यातलं तेल सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली. एवढंच केलं. पुढचा सगळा गोंधळ त्या बाटलीतून निघाला. तसं पाहिलं तर त्या घरात कुठल्याच डब्यात जे असायला हवं ते नसायचं. बिस्किटांच्या डब्यात सुया-दोरे, चहाच्या डब्यात हळद, आणि साखरेच्या डब्यात नानांची औषधं (मुंग्या तिकडे फिरकत नाहीत, असा त्यांच्या बायकोचा, सुमनबाईंचा हिशेब). त्यात एका बाटलीनं काय बिघडणार होतं?

तेल मात्र साधं नव्हतं. नानांच्या गाडीच्या पॉवर स्टेअरिंगचं होतं, लालभडक. ती लांबलचक पांढरी जुनी गाडी त्यांनी निवृत्तीनंतर श्रीगोंद्याच्या एका बागायतदाराकडून आणली होती. जामखेडात नानांना न ओळखणारा माणूस सापडेल, गाडीला न ओळखणारा सापडायचा नाही. शाळेच्या कचेरीत नानांनी जन्मभर लिपिक म्हणून मान खाली घालून काम केलं, त्याची सगळी भरपाई ते गाडीत बसल्यावर करत. कुणी भेटलं की सांगत, "एका बोटानं वळती. दुसरं बोट लावायचं काम न्हाई."

त्या उन्हाळ्यात नानांच्या गुडघ्यांनाही चांगले दिवस आले होते. श्रीगोंद्याला दिलेल्या त्यांच्या बहिणीनं, मालनबाईंनी, गुडघ्यांसाठी लाल औषधी तेल पाठवते म्हणून कबूल केलं होतं. सुमनबाई रोज संध्याकाळी फळीवरची बाटली काढून चोळून द्यायच्या. विहारात वंदनेला खुर्ची मागणारे नाना आता मांडी घालून बसू लागले आणि मालनच्या हाताला गुण आहे असं दिसेल त्याला सांगू लागले.

अशात जयंती समितीचा अध्यक्ष चेतन घरी आला. म्हणाला, "नाना, औंदा बाबासायबांची प्रतिमा ट्रॅक्टरवर न्हाई. तुमच्या गाडीवर ठेवायची, आन गाडी तुमीच हाकायची."

त्यांच्या बापानं जन्मभर दुसऱ्याचा ऊस तोडला, दुसऱ्याची बैलगाडी हाकली, आणि जयंतीला मिरवणुकीच्या पार शेवटी अनवाणी चालला. त्याच मिरवणुकीच्या पुढं आता आपली गाडी. नाना आत जाऊन तोंड धुऊन आले, तरी डोळे लालच राहिले. समितीला शब्द गेला.

मग तयारीला ऊत आला. जयंतीच्या आदल्या दिवशी नानांनी गाडी धुतली, पुसली, आणि स्टेअरिंगच्या तेलाची पातळी जरा खाली दिसली म्हणून फळीवरची बाटली आणून सढळ हातानं भरली. चक्कर मारायला निघाले आणि पहिल्याच वळणाला गाडी रेड्यासारखी रेकली. बोटानं वळणारं चाक दोन्ही हातांनी वळेना. नाना घामाघूम होऊन परत आले (येताना शेजाऱ्यांचं तुळशीचं भांडं गेलं, पण त्याचं बोलणं नंतर झालं).

निदान आधी त्यांनी स्वतःच केलं. मोबाईलवर एक परप्रांतीय गृहस्थ सांगत होते की तेल काळं पडलं असेल तर बिघाड तेलात, आणि लाल असेल तर तेल ठणठणीत. नानांनी झाकण उघडून पाहिलं. तेल इतकं सुंदर लाल होतं की त्यांनी तेलाचा विषयच कायमचा मिटवला. मग टायरची हवा कमी केली, जास्त केली, चाकाखाली वाकून पाहिलं. वैजनाथ मिस्त्री आला. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं एक टोक पंपाला आणि दुसरं कानाला लावून बराच वेळ डोळे मिटले. पंप गेला, म्हणाला, आणि असला पंप आता पुण्यात जुन्या बाजारात मिळाला तर मिळाला. नाना रात्री जेवले नाहीत. आपल्यामुळं प्रतिमा पुन्हा ट्रॅक्टरवर जाणार, एवढं एकच त्यांच्या मनात घोळत राहिलं.

सकाळी सुमनबाई अंगण झाडायला गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अहो, तुमच्या गाडीला मुंग्या लागल्यात."

खरंच, पुढच्या चाकावरून बॉनेटमध्ये मुंग्यांची रांग शिस्तीत चालली होती. नाना वैतागून म्हणाले की मुंग्यांना गाडीतलं काय कळतंय. पण मुंग्या तेलाला लागत नाहीत, हे सुमनबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, झाकण काढलं, आत बोट बुडवलं, हुंगलं, आणि नाना हां हां म्हणेपर्यंत चाटलं.

"वेलदोडा जरा कमीच पडलाय," त्या म्हणाल्या.

मिरवणुकीतल्या लोकांना वाटायला त्यांनी गुलाबाच्या सरबताचा पाक करून ठेवला होता. तो तसल्याच बाटलीत, त्याच फळीवर. नाना अंगणातच खाली बसले. पंप गेला म्हणणारा वैजनाथ परत आला, आणि काल कानाला सगळं ऐकू आलं पण वास मात्र आला नाही, असं म्हणून पोट धरून हसला. पाक उपसला, पंपाचा पट्टा उतरवून ठेवला. गाडी चालेल, म्हणाला, पण वळवायला ताकद माणसाची लागेल. मग माझं तेल कुठं गेलं, असं नानांनी विचारलं खरं. पण तेवढ्यात चेतनची पोरं निळे झेंडे आणि फुलं घेऊन आली, आणि तो प्रश्न तसाच राहिला.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. सरळ रस्ता होता तोवर नाना राजासारखे बसले होते. बाजारतळाच्या वळणावर आले आणि चाक अडलं. नाना सीटवरून उठून लोंबकळले, तरी हलेना. मागं ताशा वाजत होता, माणसं खोळंबली होती, आणि चेतन ट्रॅक्टरवाल्याला फोन लावू लागला होता. नानांना बाप आठवला.

इतक्यात पांढऱ्या साडीतल्या बायकांच्या रांगेतून सुमनबाई बाहेर आल्या, दार उघडून शेजारी बसल्या आणि चाकाला दोन्ही हात घातले. "तुमी तिकडनं वढा, मी हिकडनं ढकलते," एवढंच म्हणाल्या. परातीत मणामणाचं पीठ मळलेले ते हात. चाक कुरकुरलं, आणि वळलं. मागून जय भीमचा असा गजर उठला की ताशा ऐकू येईना. पुढच्या प्रत्येक वळणाला सुमनबाई हं म्हणायच्या आणि गाडी वळायची. पुतळ्यापाशी प्रतिमा उतरवली तेव्हा नानांनी बापाचं नाव घेतलं आणि सगळ्यांसमोर मोकळेपणानं रडले. चेतननं पुढच्या वर्षीही हीच गाडी, असं जाहीर करून टाकलं, ड्रायव्हरांच्या जोडीसकट.

दुसऱ्या दिवशी दोघांचे खांदे भरून आले. नानांचे गुडघे मात्र लोण्यासारखे. बाटली तळाला गेली होती म्हणून त्यांनी कौतुकानं श्रीगोंद्याला फोन लावला आणि आणखी तेल पाठव म्हणाले.

"कुठलं तेल, दादा?" मालनबाई म्हणाल्या. "पाठवीन पाठवीन म्हणले, पर ऱ्हाऊनच गेलं की."

नानांनी फोन ठेवला. फळीवरची बाटली काढून हुंगली. मग गुडघा हुंगायचा प्रयत्न केला, आणि तो नाकापर्यंत विनासायास आला.

सुमनबाईंनी नवऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळून फक्त एक बोट उचललं आणि चहाचं भांडं ठेवलं होतं त्या दिशेला केलं.

नाना जराही कुरकुर न करता तिकडे वळले.